मावशी, तुमच्या नेफ्यामुळे गोधडी सरळ लटकली

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोर बसून सांगायला गेले तर तुम्ही "जाऊंदे गो" म्हणून विषय बदलता. सूनबाई वाचून दाखवतीलच.

प्रदर्शनवाल्यांचा बेत होता की गोधडीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना खिळे मारायचे. जुन्या लुगड्यांचे इतके थर, वर ही वेंगुर्ल्याची दमट हवा. सगळा भार दोन टोकांवर आला असता तर विरलेलं सूत तिथेच फाटलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "खिळो नको गो, नेफो लावया." म्हणजे गोधडीच्या मागे वरच्या बाजूला कापडाची नळी शिवायची आणि तिच्यातून पाइप घालून गोधडी लटकवायची.

धुतलेल्या मांजरपाटाची नऊ इंची पट्टी काढलीत. टोकं दुमडून शिवलीत, मग लांबीत घडी घालून साधारण चार इंची नळी केलीत. गोधडी रुंद, म्हणून नेफ्याचे दोन तुकडे, आणि मधल्या फटीत पाइपला तिसरा आधार.

पण खरी करामत पुढे होती. वरची कड गोटाच्या जरा खाली टाचल्यावर तुम्ही नेफ्याचा बाहेरचा पदर मुद्दाम अर्धा इंच वर सरकवलात आणि मगच खालची कड टाचलीत. मला ते ढगळ वाटलं होतं. पाइप आत गेला तेव्हा कळलं, त्याचा फुगवटा त्या ढिलाईत मावतो, पुढून गोधडी सपाटच राहते. नेफ्याच्या टोकांशी आतला पदरही गोधडीला टाचलात, म्हणजे पाइप घुसवताना तो चुकून नेफा आणि गोधडी यांच्या मधे जाणार नाही. हे मला तरी सुचलं नसतं.

आणि सगळं हातानं! मशीन शेजारीच होतं, पण त्याची शिलाई पुढून दिसली असती. सुई फक्त मागच्या थरांतून जायची, डावा हात पुढच्या बाजूला चाचपत. लोक गोधडीचा धावदोरा जवळ जाऊन बघत होते; तुमचा एक टाका कुणाला दिसला नाही.

लोखंडी सळईला तुम्ही नकार दिलात तेही बरं झालं. खाऱ्या वाऱ्यात तिचा गंज कापडाला लागायला कितीसा वेळ? पडद्याचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप छान चालला.

नेफा उसवणार नाही, तसाच राहू दे. मनापासून आभार, मावशी. गणपती आटोपले की मैत्रिणीची वाकळ घेऊन येते. मांजरपाट मीच धुऊन आणेन. टाके मात्र या वेळी अर्धे मला घालू द्या.