मेलेल्या माशाचा पंचनामा कधी करणार, साहेब?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असता, म्हणून लांबण लावत नाही. पंचगंगेत पुन्हा मासे मेले. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला, आमच्या शिरोळ तालुक्यात, बंधाऱ्यापाठीमागं नुसती पांढरी पोटं तरंगत होती. गेल्या उन्हाळ्यात आपण इथंच उभे होतात. टीव्हीवाले होते. नाकाला रुमाल होता (आपल्या, आम्हाला आता वास येत नाही). "दोषींवर कारवाई होईल, मच्छीमाराला भरपाई मिळेल," असं आपण म्हणालात आणि आम्ही टाळ्याही वाजवल्या. त्यानंतर कारवाईचा कागद कुणी बघितला नाही. भरपाईचा तर रुपयासुद्धा नाही.

मी भोई. बापजाद्यापासून नदीवर. तुम्हाला मासा कसा मरतो ते माहीत नसणार, कारण तुमच्यापर्यंत येतो तो फोटो. पहाटे, उजाडायच्या आधी, पहिल्यांदा झिंगे काठाच्या दगडांवर चढायला लागतात. मग वाम कडेला येते. चिखलात दडून राहणारी जात ती. माणसाच्या पायाशी येऊन तोंड वर काढायला लागली की समजायचं, खाली काही उरलं नाही. मग रोहू, कटला वर येऊन तोंडं वासतात. कल्ला उचलून बघावा तर लालभडक असायचा तो चहाच्या चोथ्यागत झालेला, वर बुळबुळीत थर. मरळ सगळ्यांत शेवटी जाते, कारण ती वर येऊन बाहेरची हवा घेते. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी मरळ तग धरते. यंदा मरळही मेली. म्हणजे नुसता ऑक्सिजन संपला नव्हता, पाण्यात दुसरंही काही होतं. हे आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल. तुमच्या अहवालात मरळीचं नाव आहे का?

नसणारच. कारण पाणी तपासायला साहेब लोक आले ते ऊन चढल्यावर. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यांत कमी असतो, दिवसा शेवाळ त्यात भर घालतं. त्यात तोवर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढून काळं पाणी खालच्या गावाला ढकललेलं. मग त्यांनी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरलं, कॅन जीपमध्ये ठेवला आणि चहा प्यायला गेले. माझा पोरगा बी.एस्सी. आहे, केमिस्ट्रीतला. तो म्हणाला, "ऑक्सिजन जागेवर मोजायचा असतो, नाहीतर जागेवरच बाटलीत औषध घालून तो धरून ठेवायचा असतो. हे काय नेतायत?" त्यावर साहेब म्हणाले, "आम्हाला शिकवू नको." मासा तर कुणी उचललाच नाही. मरायला टेकलेला मासा बर्फात घालून नेला तर कल्ल्यावरून, काळजावरून काहीतरी कळेल. दुपारपर्यंत सडलेल्या माशावरून काय कळणार, कप्पाळ?

माझ्या अंदाजानं आमच्या पट्ट्यात दोन टन मासा गेला. जास्तच असेल. कागदावर लिहिलंय, "काही मासे मृत आढळले." दोन टन खोटं असेल तर खोटं म्हणा, पण वजनकाटा कुणी आणला होता?

लाजेची गोष्टही सांगतो. मासे तडफडतायत म्हटल्यावर गावंच्या गावं टोपल्या घेऊन पळत आली. तो मासा त्याच दिवशी बाजारात निम्म्या भावानं गेला. कुणी खाल्ला, त्याचं पुढं काय झालं, देव जाणे. आणि दुसऱ्या दिवसापासून "नदीचा मासा नको" म्हणून गिऱ्हाईक आमच्याकडं पाठ फिरवून तळ्यातला मासा घ्यायला गेलं. जाळ्यांसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलंय. बायको दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. पाण्यात उतरून उतरून माझ्या पोटऱ्यांची सालं निघालीत, डॉक्टर म्हणतात पाण्यात जाऊ नका. मग कुठं जाऊ, मंत्रालयात?

भरपाईसाठी कचेरीत गेलो. तिथं समजलं की पिकाला रकाना आहे, जनावराला आहे, पडलेल्या घराला आहे. सांडपाण्यानं मेलेल्या नदीतल्या माशाला रकाना नाही. बाबू म्हणाला, "नदीतला मासा कुणाच्या मालकीचा नसतो." म्हणजे मालक नाही, म्हणून नुकसान नाही. नुकसान नाही, म्हणून पंचनामा नाही. पंचनामा नाही, म्हणून गुन्हा नाही. काय गणित आहे!

विष कुठून येतं हे शोधायला आयोग नको. साखर कारखान्याच्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की दहा-बारा लिटर मळीचं पाणी मागं राहतं. पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप म्हणजे बीओडी. नदीत सोडायच्या पाण्याला त्याची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम. कच्च्या मळीच्या पाण्यात बीओडी 40-50 हजारांच्या घरात. त्यातला एक टँकर रात्री ओढ्यात उलटला तर पुढं कोण जगणार? भरीला प्रोसेसचं, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यांचं, रंगीत पाणी आणि दोन शहरांचे नाले. साखर कारखान्याला विचारलं की तो शहराकडं बोट दाखवतो, शहर प्रोसेसवाल्याकडं, प्रोसेसवाला साखर कारखान्याकडं. इचलकरंजीनं तर पंचगंगेचा नाद सोडून कृष्णेचं पाणी आणलं, मग वारणेचं मागितलं, मग दूधगंगेचं. माशाला पाणी योजना मागता येत नाही.

आणि मासा मेला की तिथंच थांबत नाही. पाणकावळे, बगळे, खंड्या तेच खातात. जे मासे वाचतात त्यांच्या अंगात काय साठलंय, त्यांची अंडी फुटतात का, कुणी बघितलंय? गिधाडांचं काय झालं ते आठवा. जनावराला डायक्लोफेनॅक टोचलं, ते जनावर मेलं, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 साली बंदी आली, तोवर नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. त्यांचाही पंचनामा कुणी केला नव्हता.

देशात नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे, त्यात 55 महाराष्ट्राचे. हा 2022 चा केंद्राचाच अहवाल. पहिला नंबर, अभिनंदन. 1974 च्या पाण्याच्या कायद्यात तुरुंग होता, 2024 ला दिल्लीनं दुरुस्ती करून बऱ्याच कलमांत त्याच्या जागी दंड आणला, 10 हजार ते 15 लाख. 15 लाखात इकडं चेअरमनच्या वाढदिवसाचे फ्लेक्ससुद्धा होत नाहीत! कारखान्याचा चेअरमन तोच, बँकेचा तोच, निवडणुकीचं तिकीट त्यालाच, आणि नदी वाचवा मोर्चाला हिरवा झेंडा दाखवायलाही तोच. बोलणार कोण? गावातल्या निम्म्या घरांचा ऊस तिथं जातो. भावकीतल्यांनीच मला सांगितलं, "गप बस, आमची तोड लांबेल." तुमचं सरकार, मागचं सरकार, त्याच्या मागचं सरकार, सगळ्यांच्या मळीला वास एकच.

मागणं फार नाही. मासा मेल्यावर पहाटे येणारं पथक ठेवा, त्यात मत्स्यखात्याचा माणूस असू दे. कोणती जात मेली, किती मेली, वजन किती, हे लिहा आणि मासा प्रयोगशाळेत पाठवा. बरगे काढायच्या आधी पंचनामा करा. आणि कागदावर आमच्या माशाला एक रकाना द्या. अहवाल मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, म्हणजे आम्हाला माहितीच्या अधिकारात भीक मागत बसायला नको.

पुढच्या खेपेला पाहणीला याल तेव्हा पहाटे पाचला या. काहिलीत (आमची कढईसारखी होडी) बसवून मी स्वतः नेतो. टीव्हीवाले नाही आले तरी चालतील.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक मच्छीमार