मांडीवरचे पुस्तक

शहापूर, बेळगाव

प्रिय कुसुम,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे सर्व ठीक आहे. यांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, माझा खोकलाही गेला.

पत्राचे कारण आमची नात चिनू. ही गोष्ट घरात काढली तर ‘एवढ्याशा गोष्टीचे काय’ असे ऐकावे लागेल, म्हणून तुलाच लिहिते. तिला चौदावा महिना लागला आहे आणि बाळांच्या चित्रांचे जे वेड लागले आहे, ते पाहायला तू इथे हवी होतीस. तिच्या आत्याने पुण्याहून जाड पुठ्ठ्याच्या पानांचे एक पुस्तक पाठवले आहे, त्यात पानोपानी एकेक बाळ: हसणारे, रडणारे, जांभई देणारे. चिनू ते ओढत आणते, पाठमोरी होऊन माझ्या मांडीत बसते आणि रडणाऱ्या बाळाचे पान आले की त्याच्या गालावर हात ठेवून माझ्याकडे वळून पाहते. ‘भूक लागली असेल का गं त्याला?’ असे मी म्हणेपर्यंत पान उलटू देत नाही. हसऱ्या बाळाला ती ओठ टेकते, त्यामुळे ते पान कायम ओले असते.

कुरतडलेले कोपरे पाहून ‘पुस्तक वाचायचे असते, खायचे नसते’ असे म्हणत बालवाडीतली पुस्तके तू कपाटात कुलूपबंद करायचीस आणि मी ती पुन्हा सतरंजीवर मांडायचे. त्यावरून आपण धरलेला अबोला आठवतो का? माझे मत आजही तेच आहे. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसले होते की नऊ महिन्यांची बाळे चित्रातली वस्तू पानावरून उचलू पाहतात आणि एकोणीस महिन्यांपर्यंत तिच्याकडे बोट दाखवू लागतात. चिनू सध्या या दोहोंच्या मध्ये आहे. कधी चित्रातल्या बाळाचे टोपडे नखाने खरवडते, कधी नुसते बोट दाखवते. या वयात पुस्तक हाताळल्याशिवाय कसे कळावे?

आता काळजीचे सांगते. मनोज उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतून दमून येतो, तरी हातपाय धुतले की लेकीला जवळ घेतो, आणि तिच्यासमोर मोबाइल काढायचा नाही हा नियम त्यानेच घरात केला. याचे मला फार कौतुक आहे. पण पुस्तक उघडले की त्याचे प्रश्न सुरू होतात. ‘व्हेअर इज नोज? व्हेअर इज बेबी?’ बोट बरोबर पडले तर टाळ्या, नाही तर तोच प्रश्न पुन्हा. पुढे इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायचा म्हणून आतापासून तयारी हवी, असे त्याला मनापासून वाटते. परवा त्याने असे विचारताच चिनूने पुस्तक मिटले आणि त्यावर जाऊन बसली. घरात सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

प्रश्न भाषेचा नाही. सूनबाई गोकाकची, ती त्याच चित्रातल्या बाळाशी कन्नडमध्ये लाडाने बोलते, मी मराठीत बोलते, आणि चिनू दोघींकडे सारख्याच आनंदाने वळते. उद्या त्यात इंग्रजीची भर पडली तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती उलटतपासणीला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली तान्हेपणापासून मोठ्याने वाचून दाखवण्याचा सल्ला दिला, हे मनोजने मला वाचून दाखवले. पण त्याच सल्ल्यात पालक आणि मूल यांच्या जवळिकीवरही भर होता, तिथे तो थांबला नाही. जे मूल आपण होऊन मांडीत येते, त्याला वर्षाच्या आतबाहेर परीक्षेला बसवले, तर ते पुस्तकाजवळ येईल कशाला? बोट कुठे पडते याची वाट पाहावी आणि जिथे पडेल तिथले बोलावे, एवढेच तर आपण बालवाडीत इतकी वर्षे केले.

समोर बसवून उपदेश केला तर तो दुखावेल. म्हणून मी घरच्या बाळांच्या फोटोंचे एक पुस्तक करते आहे: पुठ्ठ्याची पाने, वर जाड प्लॅस्टिक, टाचणी कुठेही नाही. भाचरांची बारशी, पाळणे, गालावरची तीट, सारे त्यात येईल. विकतच्या पुस्तकातल्या एकाही बाळाला झबले नाही की काजळ नाही. मनोजचा स्वतःचा बाळपणीचा फोटो त्यात असला, तर तो लेकीला प्रश्न न विचारता काहीतरी सांगू लागेल, असे मला वाटते. तो फोटो तुझ्याकडे आहे. खानापूरला तुझ्या अंगणात, तुझ्या आईच्या मांडीवर तो भोकाड पसरून रडतो आहे, तोच. कोपरा फाटलेला असला तरी चालेल, पण पोस्टाने मूळ प्रतच पाठव. मोबाइलवरून आलेला छापला की चेहरा पुसट होतो.

सुनंदाच्या लग्नाचे ठरले का? तुझ्या मोतीबिंदूची तारीख कळव, मी चार दिवस राहायला येईन. वहिनींना नमस्कार.

तुझी,
मालती