'जुनी खिडकी बंद करू नका' म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

लिनक्स सर्व्हर पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांना तुम्ही जे शिकवत आलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. कमांड कुठेही मिळतात. ती चुकली तर नेमकं काय बिघडतं, हे सांगणारं माणूस मिळत नाही. शिवाय तुम्ही कामाचा क्रम लावून दिलात: आधी लॉगिन, मग वेबसाइट आणि मेल सगळ्यात शेवटी.

लॉगिनचंच घ्या. की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) बनवायची, सर्व्हरवर चढवायची आणि मगच एसएसएचमधलं, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीतलं, पासवर्डचं लॉगिन बंद करायचं. लॉगिन झालेली जुनी खिडकी उघडी ठेवून नव्या खिडकीतून आत जाता येतं का ते पाहायचं. फायरवॉल सुरू करण्याआधी एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट उघडायचं, नाहीतर मालकच बाहेर राहतो. क्लाउडवरच्या सर्व्हरची गोम तुम्ही आवर्जून दाखवलीत: तिथे वेगळ्या फोल्डरमधली छोटी कॉन्फिग फाइल आधी वाचली जाते आणि एसएसएच पहिल्यांदा सापडलेलीच सेटिंग धरतं. त्यामुळे मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहूनही पासवर्ड चालूच राहू शकतो. 'एसएसएचडी' या कमांडला कॅपिटल टी जोडून चालवलं की खरी लागू असलेली सेटिंग दिसते.

वेबसाइटचा भाग सोपा, तुम्हीही तो थोडक्यात आटोपलात. फोल्डरला ७५५ परवानगी, फाइलला ६४४, आणि अडलं म्हणून कुणालाही लिहू देणारी ७७७ कधीच नाही.

मेलच्या बाबतीत मात्र तुमचे उपकार मोठे आहेत. मेल पाठवणारा पोस्टफिक्स हा प्रोग्राम बसवायला फार वेळ लागत नाही. समोरच्या सर्व्हरने आपल्यावर विश्वास ठेवणं हे खरं काम. म्हणून काहीही बसवण्याआधी मेलच्या २५ नंबरच्या पोर्टवरून बाहेर जाता येतं का, हे होस्टिंगवाल्यांना विचारायला तुम्ही लावलंत. स्पॅमपायी अनेक जण ते बंदच ठेवतात. रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, बहुतेक वेळा डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही, कारण आयपी ज्यांचा, त्यांच्याकडूनच ते लावून घ्यावं लागतं. तिथलं नाव परत त्याच आयपीकडे वळायला हवं, आणि पोस्टफिक्सने स्वतःचं सांगितलेलं नावही तेच असलेलं बरं.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, ते सांगणारी डीएनएसमधली नोंद. एका डोमेनला ती एकच. नवी मेल सेवा जोडताना दुसरी नोंद टाकली की दोन्ही निकामी होतात. दुसऱ्या सेवांच्या याद्या जोडणारे 'इन्क्लूड' वाढवत गेलं आणि डीएनएसच्या चौकश्या १०च्या वर गेल्या तरी तोच परिणाम. मेलवर डिजिटल सही करणाऱ्या डीकेआयएमची २०४८ बिटची की एका ओळीत मावत नाही, कारण टेक्स्ट नोंदीतल्या एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची. ती अवतरणचिन्हांत तोडून लिहावी लागते. या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क आधी 'नन'वर (काहीच करू नका) ठेवून अहवाल वाचायचे, मगच कडक करायचं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं, तेव्हा तुमचं ऐकलेल्यांची धावपळ झाली नाही.

पोस्टफिक्समधल्या 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे विश्वासातल्या आयपींच्या यादीत, घाईने मोठी रेंज टाकू नका, हेही तुमचंच. तसं केलं की त्या रेंजमधल्या कुणालाही आपल्या सर्व्हरवरून मेल ढकलता येतो आणि आपला आयपी काळ्या यादीत जातो. तिथून नाव काढून घेणं फार चिवट काम.

नव्याने शिकणाऱ्यांना चकवणाऱ्या आणखी दोन गोष्टी. कनेक्शन सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप बदलतो, वेबसाइट ठीक दिसते, पण मेलबॉक्स अ‍ॅपला वाचू देणारा डोव्हकॉट जुनंच प्रमाणपत्र धरून बसतो आणि फोनवरचं मेल अ‍ॅप तक्रार करतं. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवं प्रमाणपत्र आलं की चालणाऱ्या कमांडमध्ये) डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्ही रीलोड केले की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कवर जागा असूनही 'जागा नाही' असा एरर येणं. मेल साठवण्याच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल असते, म्हणून जागेआधी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद) संपू शकतात. डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडला आय जोडून पाहा, हा तुमचा सल्ला कितीतरी रात्री वाचवतो.

एक विनंती आहे. डोव्हकॉट २.४मध्ये कॉन्फिगची रचना बदलली आहे, २.३च्या फाइल जशाच्या तशा चालत नाहीत, आणि डेबियन १३ या लिनक्ससोबत २.४च येतं. जुन्या डेबियनवरून अपग्रेड करणारे तिथे हमखास अडतात. त्यावरही तुमच्या पद्धतीने, कारणांसकट लिहाल का?

आपले,
सर्व्हर सांभाळणारे काही जण