माळढोकाची साद आणि पवनचक्क्यांची घरघर

महोदय,
जैसलमेर परिसरातील माळढोकाची चर्चा होते ती बहुधा वीजवाहिन्यांना धडकून होणाऱ्या मृत्यूंची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ आणि २०२४ च्या आदेशांचा भरही तारांवरच होता. ते योग्यच, मात्र पवनचक्क्यांच्या आवाजाकडे त्यात दुर्लक्ष होते. विणीच्या काळात माळढोकाचा नर गळ्याखालची पिशवी जमिनीपर्यंत लोंबेल इतकी फुगवतो, शेपटी उभारतो आणि घुमू लागतो. उघड्या माळावर मादीला दुरून बोलावण्यासाठी हा खर्जातला हुंकार त्याच्या कामी येतो. पात्यांची घरघरही खालच्या पट्टीतलीच असल्याने ती या सादेला झाकून टाकू शकते. अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी कोंबड्यांच्या अशाच घुमण्यावर पवनचक्क्यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास झाला आहे. आपल्याकडे उभारणीआधी पर्यावरण मंजुरी सक्तीची असलेल्या प्रकल्पांच्या, २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेतील यादीत जमिनीवरील पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही, ही गंभीर त्रुटी आहे. नान्नजच्या माळावरून माळढोक जवळजवळ नाहीसा होताना सोलापूरकरांनी पाहिला आहे. म्हणून उरलेल्या अधिवासांत नवी पवनचक्की उभारण्याआधी विणीच्या हंगामात तेथे ध्वनिमुद्रण करणे शासनाने बंधनकारक करावे.

– एक पक्षिप्रेमी वाचक, सोलापूर