आयफोनवर भजन का वाजत नाही?

संपादक महाशय,

चवथ जवळ आली की घुमट-आरत्यांच्या आणि वास्कोच्या सप्ताहानंतर भजनांच्या ध्वनिमुद्रणांची शोधाशोध सुरू होते. ती आपल्या संकेतस्थळावर ठेवणाऱ्या देवस्थानांच्या आणि मंडळांच्या कानी दोन तक्रारी हमखास येतात: ‘आयफोनवर वाजत नाही’ आणि ‘पुढे सरकवता येत नाही’. मग तीच एमपी३ पुन्हा पुन्हा बनवली जाते. फाइल बहुधा ठणठणीत असते. खोट असते ती फाइल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये.

फाइल नुसती फोल्डरमध्ये ठेवली तर सर्व्हर सगळे निभावून नेतो. सभासद तपासायला किंवा श्रोते मोजायला मध्ये पीएचपी या भाषेतली स्क्रिप्ट घातली की सर्व्हरची ती कामे स्क्रिप्टच्या गळ्यात पडतात. सफारी, म्हणजे आयफोनचा ब्राउझर, आधी फक्त दोनच बाइट मागते, ० ते १; अशा तुकड्याच्या मागणीला रेंज म्हणतात. त्याला २०६ क्रमांकाचे (‘हा फाइलचा तुकडा’ असे सांगणारे) उत्तर हवे, आणि कंटेंट-रेंज या हेडरमध्ये (फाइलआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) त्या दोन बाइटांबरोबर फाइलचा पूर्ण आकार. स्क्रिप्ट २०० (‘ही पूर्ण फाइल’) म्हणून अख्खी फाइल ओतू लागली की सफारी वाजवायचे नाकारते. इतर ब्राउझर वाजवतात, पण १२८ केबीपीएसचे तासाभराचे भजन सुमारे ५८ एमबी भरते; पंचेचाळिसाव्या मिनिटाला जायचे तर आधीचे ४३ एमबी उतरेपर्यंत थांबा. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात नेटवर्कची एकच काडी असताना हे कोण करणार?

स्क्रिप्टमध्ये रेंजचा हिशेब स्वतः लिहिणारे इथेच घसरतात. शेवटचा बाइटही मोजायचा असतो: लांबी म्हणजे शेवट वजा सुरुवात अधिक १. २०६ देऊनही कंटेंट-लेंग्थ या लांबीच्या हेडरमध्ये पूर्ण आकार तसाच राहिला, तर ब्राउझर न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत बसतो. पीएचपीची फाइल-गेट-कंटेंट्स ही आज्ञा तर वापरूच नये. ते सगळी फाइल मेमरीत घेते आणि पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी आहे. जत्रेतल्या नाटकाचे चित्रीकरण तिथेच कोलमडते. सेशन (श्रोत्याच्या भेटीची सर्व्हरवरची नोंद) उघडे ठेवून फाइल पाठवली तर त्याच श्रोत्याची दुसरी पाने अडकतात, म्हणून पाठवण्याआधी सेशन बंद करावे.

खरे तर रेंजचे हे काम स्क्रिप्टमध्ये लिहूच नये. स्क्रिप्टने परवानगी तपासून बाजूला व्हावे, फाइल सर्व्हरने द्यावी. एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये त्यासाठी एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हा हेडर आहे (फोल्डर ‘इंटर्नल’ ठेवायचे, म्हणजे बाहेरून थेट उघडत नाही). अपाची या दुसऱ्या सर्व्हरमध्ये एक्स-सेंडफाइल, पण त्याचे मॉड्यूल वेगळे बसवावे लागते. स्वस्त होस्टिंगवर ते मिळेलच असे नाही, पैसे भरण्याआधी विचारावे. आणि पत्त्यात फाइलचे नाव घेऊ नये, क्रमांक घ्यावा. नाहीतर दोन टिंबे आणि तिरकी रेघ (वरच्या फोल्डरात जाण्याची खूण) टाकून कोणीही पासवर्डच्या फाइलपर्यंत पोचतो.

भजनाआधी मंडळाची ओळख जोडून ध्वनी जागच्या जागी तयार होत असेल, तर दर मागणीला तो नव्याने बनवू नये. दोन वेळचे बाइट जुळले नाहीत तर रेंजचे तुकडे एकमेकांत बसत नाहीत. एकदाच बनवून डिस्कवर ठेवावा, तोही आधी तात्पुरत्या नावाने आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलून, म्हणजे अर्धवट फाइल कोणाच्या हाती लागत नाही.

स्पर्धांची प्रशस्तिपत्रे चित्र म्हणून बनवणाऱ्यांची रड वेगळी. पीएचपीच्या जीडी या चित्रे बनवणाऱ्या साधनात ‘विठ्ठल’ लिहिले की बहुतेक ठिकाणी वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर येते आणि ‘ठ’चा पाय मोडका दिसतो, पँगो (अक्षरे जुळवणारे साधन) जोडलेले इमेजमॅजिक हे चित्रसाधन वापरल्यास अक्षर नीट जुळते. चित्र उघडतच नसेल तर स्क्रिप्टची सुरुवात पाहावी. मराठी मजकूर जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून जतन केला की आरंभी तीन अदृश्य बाइट येतात, ते चित्राच्या आधी जातात आणि चित्र बाद होते.

काम ताब्यात घेताना कर्लने (आज्ञा देऊन पत्ता तपासण्याच्या साधनाने) ० ते १ एवढीच रेंज मागून हेडर पाहावेत. २०६ आणि लांबी २ आली तर ठीक. २०० आला तर कंत्राटदाराचे शेवटचे बिल थांबवावे.

– वेब सर्व्हरचे काम करणारे काही जण, फोंडा