वैचारिक ग्रंथांना सूची का नसते?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांवरील ग्रंथांची परीक्षणे नेमाने येतात. त्यांत भाषेबद्दल चार शब्द असतात, मुखपृष्ठाची तारीफ असते, कधी मुद्रणदोषही दाखवलेले असतात. ग्रंथाच्या शेवटी सूची आहे की नाही, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. इथे सूची म्हणजे संदर्भग्रंथांची यादी नव्हे. ती बहुधा असते. कोणते नाव, कोणता विषय कोणत्या पानावर आला आहे हे दाखवणाऱ्या नामसूचीबद्दल आणि विषयसूचीबद्दल हे पत्र आहे. असे ग्रंथ सलग वाचले जातात ते एकदा (तेही प्रत्येक जण वाचतो असे नाही). त्यानंतर वर्षानुवर्षे त्यांत काहीतरी शोधले जाते.

‘आता पीडीएफमध्ये शोधता येते, सूची कशाला?’ असे हल्ली ऐकू येते. समाजशास्त्राच्या एखाद्या पीडीएफमध्ये ‘जात’ हा शब्द टाकून पाहावा. ‘सांगितले जात असे’, ‘बदलत जातात’, ‘जातील’ यांच्या ढिगात हवी ती ‘जात’ हरवते. उलट रोटीबेटी व्यवहाराची नेमकी चर्चा ज्या पानावर आहे, तिथे हा शब्द एकदाही नसू शकतो. ‘फुले’ शोधले तर झाडावरची फुलेही येतात, पण ‘फुल्यांनी’ आणि ‘जोतीरावांनी’ निसटतात. आपल्या भाषेत नामाचे सामान्यरूप होते, याची शोधयंत्राला दरवेळी जाण असतेच असे नाही. आणि फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फाँटातली असेल तर देवनागरी शब्द टाकून काहीच सापडत नाही.

सूची करायची ती पाने कायमची लागल्यावर. पहिल्या प्रुफावर नोंदी ठरवून ठेवता येतात, पृष्ठांक मात्र शेवटच्या प्रुफावरूनच घ्यावे लागतात. त्यानंतर लेखकाने पान ११२ वर एक परिच्छेद घातला, तर प्रकरण संपेपर्यंतचे पृष्ठांक सरकू शकतात. पुढचे प्रकरण नव्या पानावर सुरू होत असेल आणि आधीच्या प्रकरणाच्या शेवटी कोरी जागा असेल, तर वाढ तिथे जिरते. नाहीतर धक्का थेट शेवटापर्यंत पोचतो. दुसऱ्या आवृत्तीत टाइप मोठा करून पाने नव्याने लावायची आणि सूची जुनीच छापायची, हा तर राजरोस प्रकार आहे. अशा सूचीपेक्षा सूची नसलेली बरी.

३०० पानांच्या मजकुराला साधारण १० ते १५ पानांची सूची लागते, दोन स्तंभांत आणि लहान टाइपात. दर पानाला सरासरी पाच उल्लेख धरले तर दीड हजार पृष्ठांक होतात. सरावलेला सूचीकार तासाला आठ-दहा पाने करतो. म्हणजे तीस-चाळीस तास, आणि नोंदी एकत्र करून तपासायला आणखी काही. एवढे काम बहुधा अखेरच्या चार दिवसांवर ढकललेले असते. त्यात फॉर्मचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाचा, हिशोब येतो. सोळा पानी फॉर्म धरला आणि मजकूर २९८ पानांवर संपला, तर १९ फॉर्म म्हणजे ३०४ पाने, उरली सहा. बारा पानांची सूची सहा पानांत कोंबली जाते किंवा सरळ गाळली जाते. सुरुवातीलाच एक फॉर्म सूचीसाठी धरला तर ही पाळी येत नाही.

सूची असते तिथेही ती बरेचदा नुसती आकड्यांची माळ असते. ‘जमीन महसूल ४१, ४३, ५८, ५९, ६०, ७७, ९०, ११२, १३५, १३६...’ अशी नोंद म्हणजे वाचकाला दहा दारे ठोठावायला लावणे. पाच-सहापेक्षा जास्त पृष्ठांक झाले की उपनोंदी पाडाव्यात : ‘जमीन महसूल : आकारणी ५८–६०, सूट ७७, ९०, थकबाकी ११२, वसुलीची पद्धत १३५–१४१’. असे पोटभाग पाडायला ग्रंथ समजावा लागतो, म्हणून हे काम निव्वळ यंत्रावर सोपवून भागत नाही. शिवाय प्रत्येक उल्लेख नोंदीच्या लायकीचा नसतो. ‘औरंगजेबाच्या काळापासून आजवर’ एवढ्या शब्दांवरून त्या पानाची औरंगजेबाखाली नोंद करू नये. तिथे त्याच्याविषयी काही सांगितलेलेच नाही.

‘पाहा’च्या नोंदींत गंमतीही होतात. ‘शेतसारा : पाहा जमीन महसूल’, आणि तिकडे गेल्यावर ‘जमीन महसूल : पाहा शेतसारा’. पृष्ठांक दोन्हीकडे नाही! तळटीपेतला मजकूर असेल तर ‘८७ टी. ४’ (पान ८७, टीप ४) असे लिहावे, म्हणजे डोळा पानाच्या तळाशी जातो. टिपा ग्रंथाच्या शेवटी असतील तर प्रकरणाचा क्रमांकही द्यावा, कारण तिथे ‘टीप ४’ प्रत्येक प्रकरणाची असते. प्रस्तावनेची पाने ‘अकरा’, ‘बारा’ अशी अक्षरी असतील तर सूचीतही ती तशीच द्यावीत. ११ लिहिले की वाचक पहिल्या प्रकरणात जाऊन पडतो.

नावांची वेगळीच डोकेदुखी. तुकाराम, ज्ञानेश्वर नावाखालीच हवेत, आधुनिक माणसे आडनावाखाली, आणि माओसारख्या चिनी नावात आडनाव मुळातच आधी येते. ‘फूको’ आणि ‘फुको’ अशी दोन लेखने पुस्तकात राहिली की सूचीत एका माणसाची दोन माणसे होतात. हे सूचीकाराच्या नजरेला पडते, म्हणून सूची हे शेवटचे मुद्रितशोधनही असते.

वर्णक्रम संगणकावर सोपवणाऱ्यांनी एक प्रयोग करावा. ‘ॲरिस्टॉटल’मधला पहिला ‘ॲ’ एकसंध टंकला तर निव्वळ सांकेतिक क्रमाने (म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकानुसार) तो ‘ह’च्याही पुढे, यादीच्या तळाला जातो, ‘अ’वर चंद्र देऊन टंकला तर ‘अ’मध्ये बसतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘क्ष’ संगणकाच्या लेखी ‘क’चे जोडाक्षर, वाचक त्याला ‘ळ’नंतर शोधतो. अनुस्वाराचे शब्द आधी घ्यायचे की ‘औ’नंतर, यात तर कोशाकोशांत फरक आहे. कोणतीही पद्धत चालेल, फक्त ती सूचीच्या माथ्यावर दोन ओळींत सांगितलेली असावी.

परीक्षणाखालच्या चौकटीत आपण प्रकाशन, पृष्ठे आणि मूल्य छापता. त्यात ‘सूची : आहे / नाही’ एवढी एक ओळ वाढवावी, ही विनंती. असेल तर परीक्षकाने सूचीतल्या कोणत्याही पाच नोंदी उघडून ती पाने पाहावीत. नंतर उलट दिशेने, मधले एखादे पान उघडून त्यातला मुख्य मुद्दा सूचीत कोणत्या शब्दाखाली सापडतो ते तपासावे. दहा मिनिटांचे काम आहे.

आपला,
एक ग्रंथसंपादक