बहुमत असले तरी विरोधकांना सोबत घ्यावे

संपादक महोदय,

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ पैकी १३२ जागा एकट्या भाजपला मिळाल्या, तर विरोधकांतील एकाही पक्षाला २९ चा, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने धरला जाणारा एक-दशांश जागांचा, आकडा गाठता आला नाही. मित्रपक्षांसह एवढ्या संख्याबळावर कोणतेही विधेयक मंजूर होऊ शकते. परंतु पुढचे सरकार ते टिकवेल का, हा विचार सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या हितासाठीच करायला हवा. १९७७ चा रोजगार हमी कायदा एकमताने झाला, आणि पुढे सरकारे बदलली तरी योजना चालू राहिली.

कोल्हापूरकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. कागदांची पिशवी उशाशी घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारे पक्षकार मी वर्षानुवर्षे पाहिले. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे या मागणीसाठी सहा जिल्ह्यांतील वकील आणि एरवी एकमेकांविरुद्ध लढणारे सर्व पक्षांचे कार्यकर्ते एकाच मांडवात बसले, म्हणूनच चार दशके ती मागणी कोणत्याही सरकारला गुंडाळून ठेवता आली नाही आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी येथे सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) कामकाज सुरू झाले. (त्या दिवशी कोणता झेंडा पुढे, हे कोणी विचारले नाही.)

हीच रीत विधिमंडळात यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विरोधी पक्षनेतेपदाचा निर्णय केवळ संख्येवर तोलू नये, महत्त्वाची विधेयके दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावीत, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात बुडालेल्या चिखली-आंबेवाडी या कोल्हापूरजवळच्या गावांच्या पुनर्वसनाचा आराखडा सर्वपक्षीय आमदारांनी मिळून येत्या पावसाळ्यापूर्वी ठरवावा.

– एक वाचक, कोल्हापूर